कोंडिबाचं पाणी

माणसं आगबोटीत बसून परमुलखाच्या लढाईला जायची, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला. माणदेशातल्या खडकमाळ गावचा कोंडिबा शिपाई होऊन बसऱ्याकडे गेला. सोबत गावचाच म्हादबा होता. लढाई संपली, म्हादबा परत आला, कोंडिबा आला नाही. सरकारी कागद आला. त्यात लिहिलं होतं, ‘बेपत्ता’.

त्या एका शब्दानं गावाच्या मनात संशय शिरला. कुणी म्हणे पळाला असेल, कुणी म्हणे तिकडंच दुसरं घर केलं असेल. लढाईत पडलेल्यांची नावं देवळापुढच्या दगडावर कोरली, त्यात कोंडिबाचं नाव घेतलं नाही. त्याची बायको हौसा विहिरीवर आली की बायका बोलायच्या थांबत.

हौसाचा संशय वेगळाच होता. म्हादबानं तिला सांगितलं होतं, गोळी लागून गेला. तिच्या सासूला सांगितलं, तापानं गेला. आणि पाटलापुढं म्हणाला, मी काही पाहिलंच नाही. तिच्या दारावरून जायचं टाळून तो ओढ्याकडून लांबचा फेरा घ्यायचा, हेही तिनं हेरलं होतं.

चैत्रातल्या एका दुपारी म्हादबा तहानेनं व्याकूळ होऊन विहिरीवर आला. हौसानं कळशी उचलली. त्यानं ओंजळ धरली.

“भावजी,” ती म्हणाली, “माणूस एकदाच मरतो. तुमच्या तोंडून माझा धनी दोनदा मेला. खरं काय?”

त्यानं ओंजळ आणखी पुढं केली. ती पाणी ओतत राहिली. असं म्हणतात, बोटं घट्ट जुळवूनही ते पाणी त्याच्या ओंजळीत ठरेना. तीन कळश्या रित्या झाल्या, पण त्याचे ओठ कोरडेच. पाणी भरायला आलेल्या बायका मागं सरकल्या. म्हादबा मटकन खाली बसला.

“वैनी, पाळी माझी व्हती.”

मग त्यानं सगळं सांगितलं. शत्रूनं वेढलेल्या खंदकात दोन दिवस पाणी नव्हतं. नदीवर जायची पाळी म्हादबाची होती. पाय मुरगळल्याचं त्यानं सोंग केलं. कोंडिबानं पखाल उचलली. एकदा पाणी आणलं, चौदा जण प्याले. दुसऱ्यांदा तो गेला आणि काठावरच पडला. हे सांगायचं तर पाळी कुणाची होती तेही निघालं असतं आणि सोंग उघडं पडलं असतं, म्हणून पलटणीच्या साहेबानं विचारल्यावर म्हादबा म्हणाला, मी पाहिलं नाही; आणि कागदावर ‘बेपत्ता’ लागलं.

हौसा रडली नाही. त्याच पावली तिनं म्हादबाला देवळापुढं नेलं आणि पाटलादेखत सगळं पुन्हा वदवून घेतलं. पाथरवटानं दगडावर कोंडिबाच्या नावाचा पहिला घाव घातला, तेव्हा त्या कोरड्या दगडाला पाझर फुटला, असं म्हणतात.

आजही चैत्रात त्या दगडापाशी कोंडिबाच्या नावाचा रांजण भरतात. म्हादबाच्या घरचा पुरुष अनवाणी पाणी वाहतो. गाव भोवती उभं असतं, पण कुणी त्या पाण्याला हात लावत नाही. हौसाच्या घरची बाई पुढं येते, त्या माणसाच्या डोळ्यांत बघत पहिली ओंजळ पिते. ती होकाराची मान हलवते, मगच गाव पाणी पितं.