लाकूडपायांची कचेरी

एका राज्यात राजाची एक कचेरी होती. कचेरीत नव्याण्णव लेखनिक होते आणि त्यांच्या बुडाखाली नव्याण्णव गाद्या होत्या, सोन्याच्या तारेने टाचलेल्या. सूर्य कासराभर वर आला की लेखनिक गादीवर बसत, आणि सूर्य टेकला की भालदार त्यांना काखेत हात घालून उठवीत. मधल्या वेळात कुणी उठत नसे. उठणे हा तिथे गुन्हा नव्हता. त्याहून वाईट होते. उठणे हा पोरकटपणा होता.

या गाद्या मूळच्या राजाच्या नव्हत्या. शिळावती नावाची एक मांत्रिकीण देशोदेशी पायी हिंडे आणि जिथे मुक्काम करी तिथे वाटसरूंसाठी शंभर गाद्या अंथरी. राजाच्या पणज्याने त्या लुटल्या. तेव्हा ती एवढेच बोलली, "नेता? न्या. बसा त्यांवर. आणि बसूनच राहा."

तेव्हापासून त्या गाद्यांवर जो वर्षानुवर्षे बसे त्याचे पाय लाकूड होत. आधी अंगठा, मग घोटा, मग पोटरी, मग गुडघा. हा शाप होता. शेंबड्या पोरालाही कळावे असा शाप होता. पण कचेरीतल्या वडीलधाऱ्यांनी बखरीत लिहून ठेवले की मांत्रिकिणीने राज्याला स्थैर्याचा आशीर्वाद दिला. लिहिणारे तेच आणि वाचणारेही तेच, मग खोटे कोण म्हणणार? ज्याचे पाय घोट्यापर्यंत लाकूड झाले त्याला 'स्थिरपद' ही पदवी मिळू लागली. त्या दिवशी सनई वाजे, साखर वाटली जाई, लेखनिकाच्या बापाला शेजारच्या शंभराव्या गादीवर बसवून मंदील बांधीत. पदवीनंतर मात्र लेखनिक घरी जात नसे. त्याचे जेवण तिथे, झोप तिथे, मरणही तिथेच. असे स्थिरपद कचेरीत अकरा होते आणि सगळे स्वतःवर खूश होते.

त्या कचेरीत सिदोजी सर्वांत तरुण. त्याचा बाप सटवाजी राजाचा जासूद. चाळीस वर्षे खिंडीतून निरोप घेऊन धावला. सिदोजी लहान असताना बापामागे खिंडीच्या तोंडापर्यंत पळत जाई. तिथून पुढे बाप लहान लहान होत दिसेनासा होई आणि पोर एकटे परत येई. एकदा तरी बापाबरोबर माथ्यापर्यंत जावे, एवढीच त्याची हौस होती. बाप म्हणे, "आमच्या सात पिढ्या पळाल्या. तू बसून खा." पोरगा विशीत आला तेव्हा बापाने राजाचे पाय धरून त्याला गादी मिळवून दिली. पोराला विचारले नाही. बाप लोक विचारत नसतात.

सिदोजी राजाची पत्रे लिही. प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ असे: 'जासुदाने पळत जावे.' दिवसातून चाळीस वेळा तो 'पळत जावे' लिही, आणि चाळीस वेळा त्याची नजर खिडकीबाहेरच्या खिंडीकडे जाई. माथ्यावरून एक वाट वळून पलीकडे जात असे. त्या वळणापाशी त्याचा जीव अडकून राहिला होता.

तीन वर्षांनी एका सकाळी त्याने प्रमुख लेखनिकाला, विसाजीपंतांना, सांगितले, "पंत, माझे पाय बधिर झालेत."

विसाजीपंत कमरेपर्यंत शिसवी होते. त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! कोणता?"

"दोन्ही."

"भाग्यवान आहेस, लेका! माझा नुसता डावा व्हायला सहा वर्षं लागली."

"पंत, मला चालता येईना."

"जायचंय कुठे तुला? आणि ऐक, पाणी कमी पीत जा. पाणी प्यायलं की उठावं लागतं. तीस वर्षांत मी त्यासाठीसुद्धा उठलो नाही." बाकीच्या दहा स्थिरपदांनी माना डोलावल्या, कारण तेवढ्याच काय त्या त्यांच्या हलत होत्या.

वैद्याने दोरा लावून मापले. लाकूड घोट्याला दोन बोटे कमी होते. सोहळ्याचा मुहूर्त तिसऱ्या दिवसाचा निघाला, आणि सटवाजीने आनंदाच्या भरात सगळ्या जासूदवाड्यात साखर वाटली.

त्याच दुपारी धाविक पक्षी खिडकीत आला. हा पक्षी माळावर पळतो. अगदी जिवावर बेतले तरच उडतो. तो सिदोजीला म्हणाला, "सोहळा झाला की खिंड संपली."

"ठाऊक आहे."

"मग बसलास काय?"

"कुठे जाऊ? सात समुद्रांपलीकडे?"

"कचेरीमागच्या बारवेत जा. शिळावती तिथे गाद्यांची वाट बघते आहे. तुमच्यातलं आता कुणी पाण्याला उतरत नाही, म्हणून दिसली नाही." एवढे बोलून पक्षी पळत गेला.

जेवणानंतर सगळी कचेरी बसल्या जागी घोरू लागली, तेव्हा सिदोजी भिंत धरून उठला. बारवेला नव्याण्णव पायऱ्या होत्या. त्या उतरताना त्याला तीनदा थांबावे लागले. तळाशी, पाण्यावर, एक म्हातारी येरझाऱ्या घालीत होती. तिच्या टाचा ओल्यासुद्धा होत नव्हत्या.

"कोण रे?"

"सिदोजी. सटवाजी जासुदाचा मुलगा."

"जासुदाचा मुलगा, आणि भिंत धरून चालतोस?"

"बापानं बसवलं."

"आणि तू बसलास."

खाली बघत सिदोजी म्हणाला, "आई, शाप काढून घे."

"दिलेला शाप काढून घेता येत नाही. मोडता येतो. तीन कामं आहेत. उद्या दिवसभर, घटिकापात्र बुडेल तेव्हा उठायचं, दारापर्यंत जाऊन यायचं. परवा या बारवेचं पाणी स्वतः चढवायचं आणि कचेरीतल्या प्रत्येकाला पेलाभर पाजायचं. तिसऱ्या दिवशी, ज्याला उठायचंच नाही अशा एका माणसाला हात न लावता उठवायचं."

"इतकंच?"

म्हातारी हसली. "करून बघ."

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या मधोमध ठेवलेल्या घंगाळात तांब्याची वाटी तरंगू लागली. वाटीच्या बुडाला बारीक छिद्र असते; घटका भरली की ती पाण्याने भरून बुडते. पहिली घटका बुडाली. सिदोजी उठायला गेला आणि त्याला कळले की गादीच्या सोन्याच्या तारा आज पहिल्यांदाच मांडीत मुळांसारख्या शिरल्या आहेत. त्याने दात खाऊन स्वतःला उपटले. धोतराला रक्त लागले. तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"काय रे, मुंग्या चावल्या?" एकाने विचारले.

"बुडाखाली निखारा आहे पोराच्या!" दुसरा म्हणाला, आणि कचेरी हसली.

दुसऱ्या घटकेला तो पुन्हा उठला. तारा पुन्हा शिरलेल्या, पण उथळ. सहाव्या घटकेला हसू थांबले. आठव्याला विसाजीपंत खवळले. "उठणं शिकवतोस आम्हाला? तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी!" त्यांनी भालदाराला खूण केली आणि वाटीच्या छिद्रात मेण भरवले. वाटी तरंगतच राहिली. कचेरीत काळ थांबला आणि म्हाताऱ्यांना फार बरे वाटले.

सिदोजीने डोळे मिटले. घटकेत माणसाचे तीनशे साठ श्वास होतात, हे प्रत्येक जासुदाच्या पोराला ठाऊक असते, कारण घंगाळ खांद्यावर घेऊन कुणी पळत नाही. त्याने श्वास मोजले. तीनशे साठ झाले की उठे, दारापर्यंत जाई, परत येई. सूर्य टेकला तेव्हा त्याच्या उजव्या अंगठ्याची साल गळून पडली आणि खाली गुलाबी नख होते. त्या रात्री त्याला लहानपणासारखी झोप लागली.

त्यानंतरचा दिवस घागरीचा. पहिल्या खेपेला तो चाळिसाव्या पायरीवर थांबला आणि टेकणार एवढ्यात त्याने पाहिले: त्या पायरीवर शेजारी शेजारी सहा दगडी माणसे बसली होती, प्रत्येकापुढे दगडी घागर. पूर्वी कधी येऊन गेलेले लेखनिक; पहिल्यांदा उतरताना त्याला ते नुसते दगड वाटले होते. तो टेकला नाही. उभ्यानेच दम खाल्ला आणि चढला. अकरा खेपा झाल्या. नवव्या खेपेपासून पायांत एक जुनी आग पेटली, खिंडीच्या तोंडाशी लागायची तीच. ती आग इतकी ओळखीची होती की त्याला रडू आले.

"आमचं पाणी जागेवर येतं," लेखनिक म्हणाले.

"हेही जागेवरच आलंय. प्या."

दुपार तापलेली, पाणी गार. म्हाताऱ्यांच्या सल्ल्याने वर्षानुवर्षे तहानलेली माणसे ती. एकाने पेला घेतला, मग सगळ्यांनी, आणि एकावर कुणी थांबले नाही. विसाजीपंतांनीही, कुणी बघत नाही असे पाहून, दोन पेले रिचवले.

मग व्हायचे तेच झाले. दोन घटकांनी पहिला लेखनिक चुळबुळू लागला. तिसऱ्या घटकेला तो ओरडून उठला आणि लंगडत मोरीकडे धावला. त्यामागे दुसरा, मग दहा, मग चाळीस. सत्त्याऐंशी लेखनिक धोतरे सावरत रांगेत उभे राहिले, एकमेकांना शिव्या देत, ढकलत आणि, कितीतरी वर्षांनी, हसत. अकरा स्थिरपदांना उठता येईना. त्यांच्या गुडघ्यांना कोवळी पालवी फुटली. विसाजीपंतांनी ती उपरण्याने झाकली.

सोहळ्याचा दिवस उजाडला. सिदोजीचे पाय आता बोटांपासून टाचेपर्यंत पुन्हा मांसाचे होते. त्याने ते विसाजीपंतांना दाखवले.

"मुहूर्त निघाला, साखर आली, महाराज निघाले," पंत म्हणाले. "आता पाय कसले बघायचे?"

सनई वाजली. राजा आला. सटवाजी नवे धोतर नेसून आला. त्याला शंभराव्या गादीवर बसवले आणि मंदील बांधले. बसताच त्याने असा सुस्कारा सोडला की जणू चाळीस वर्षे तो छातीत धरून ठेवला होता. दमलेल्या माणसाला शाप लवकर चढतो. सिदोजीच्या डोळ्यांदेखत बापाच्या टाचांच्या भेगा सालीसारख्या होऊ लागल्या.

सिदोजीला वाटले होते, तिसरे काम विसाजीपंतांचे. आता त्याला कळले की नव्हे.

"बाबा, उठा."

"तू बस. लोक बघतायत."

"मी बसत नाही. तुम्ही उठा. पाय बघा तुमचे."

"होऊ दे लाकूड!" सटवाजी म्हणाला. "चाळीस वर्षं पळालो रे. कुणाच्या ना कुणाच्या निरोपासाठी. कुणी एकदा 'बस' म्हटलं नाही. आज राजानं म्हटलं. बसू दे मला."

"थकलात तुम्ही, आणि बसवलंत मला," सिदोजी म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तुमच्या पायांचा शीण तुम्ही माझ्या पायांतून काढलात. मला चालायचं होतं, बाबा. तुमच्याबरोबर. कधी विचारलंत?"

सटवाजी खाली बघत राहिला. लाकूड घोट्याशी आले होते. सिदोजीचा राग एकाएकी ओसरला आणि खाली नुसती जुनी हुरहुर उरली.

"माथ्यावरून काय दिसतं, बाबा?"

"माथ्यावरून?" सटवाजीने तोंड उघडले. आठवू लागला. "पलीकडे चौकी आहे. तिथं निरोप द्यायचा आणि फिरायचं."

"चौकी नव्हे. माथ्यावर उभं राहिलं तर काय दिसतं?"

"बघितलं नाही."

"चाळीस वर्षांत?"

"खाली बघून पळावं लागतं रे. ठेच लागली तर निरोप रखडतो."

"मग चला, बघून येऊ. आज कुणाचा निरोप नाही. पळायचंही नाही. चालत जाऊ."

सटवाजीने मंदील काढला. दोन्ही हात गादीवर रेटले. एकदा पडला. "हात देऊ नकोस," तो मुलाला म्हणाला. मुलगा देणार नव्हताच. त्याने आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. दुसऱ्यांदा लाकूड कडाडले, आणि बाप उभा राहिला.

तत्क्षणी शंभर गाद्यांच्या सोन्याच्या तारा सुटल्या. गाद्या पाखरांसारख्या उठल्या, खिडक्यांतून बाहेर पडल्या आणि बारवेवर उतरल्या. शिळावती वर आली, गाद्या पाठीवर बांधल्या आणि मागे न बघता चालू लागली. तिच्यामागून सहा लेखनिक दगडी अंग झटकत वर आले. अकरा स्थिरपदांच्या पायांत रक्त उतरले. विसाजीपंतांचे पाय अगदी लेकरासारखे बारीक निघाले. ते सिदोजीच्या खांद्याला धरून थरथरत उभे राहिले. ते आता काही थोर बोलणार म्हणून राजाने कान दिला.

"मोरी कुठे आहे?" विसाजीपंतांनी विचारले.

राजाने वाटीचे मेण काढवले. घटका बुडाली की सगळ्यांनी उठावे, बारवेपर्यंत जावे, घोटभर पाणी प्यावे आणि मग लिहावे, असा हुकूम झाला. म्हातारे म्हणाले, राज्य बुडेल. राज्य बुडाले नाही. पत्रे पूर्वीइतकीच लिहिली गेली, आणि अक्षर सुधारले.

बापलेक मात्र हुकूम ऐकायला थांबले नव्हते. चढावर सटवाजी दर थोड्या वेळाने थांबे. आता मुलगा पुढे होता आणि तोही थांबे. उन्हे कलता कलता दोघे माथ्यावर पोचले. पलीकडे एक मोठे तळे होते, आणि त्याच्या काठाने पिवळ्या गवताचा माळ थेट आभाळापर्यंत गेला होता.

"हे रोज इथंच होतं?" सटवाजीने विचारले.

"इथंच होतं, बाबा."

दोघे तिथे किती वेळ उभे राहिले, हे कुणी लिहून ठेवले नाही.

कथा इथे टेकली. ऐकणाऱ्यांनी टेकून राहू नये. ज्याने बसून ऐकली त्याने उठावे, आणि दारापर्यंत तरी जाऊन यावे.