बुवांच्या गलबतातली रिकामी खुर्ची

"पण बुवा, पायलटची खुर्ची रिकामी कशी?"

"रागावली. उतरून गेली."

"नेरा? उतरून गेली? आणि तुम्ही जाऊ दिलीत?"

"मी कसला जाऊ देतोय... ती गेली."

"अहो, मग मागे जायचं ना!"

"कुठे?"

"जुन्या सेव्हवर. बोलायच्या आधी गेम सेव्ह करायचा. बोलणं बिघडलं की मागे जायचं आणि दुसरं उत्तर द्यायचं. एवढं साधं आहे."

अण्णाबुवा हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त खांदे हलायचे.

एके काळी या माणसाचं कीर्तन ऐकायला पाच गावं लोटायची. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. देवरुखच्या पुढे, टेकडीवरच्या छोट्याशा मठात बुवा एकटेच राहू लागले. परदेशी निघालेल्या एका भक्ताने आपला टीव्ही, गेमचा कन्सोल आणि त्यातला हा अंतराळातला गेम मठात आणून ठेवला. बुवांचा वेळ जावा, एवढाच त्याचा हेतू. पण बुवा त्यात असे रमले, की बघता बघता पुण्या-मुंबईचे गेमवाले त्यांच्या दर्शनाला येऊ लागले.

गेममध्ये आपण एका यानाचे कप्तान. बरोबर तीन सोबती: नेरा नावाची पायलट, एक म्हातारा डॉक्टर आणि एक यंत्रमानव. ताऱ्याताऱ्यांवर हिंडायचं, लढायचं. पण खरा खेळ सोबत्यांशी बोलण्याचा. आपण काय बोलतो त्यावर त्यांची माया वाढते नाहीतर आटते. सगळं इंग्रजीत. बुवा मांडीवर शब्दकोश घेऊन बसत आणि एकेक वाक्य लावून मगच उत्तर देत. आपल्या यानाचं नाव त्यांनी 'गलबत' ठेवलं होतं. यंत्रमानवाला ते पिंपा म्हणत.

आज समोर बसला होता इंद्रनील घैसास. या गेमच्या दुनियेत त्याला सगळे ओळखत आणि आपल्याला सगळे ओळखतात हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं.

"तुमची नेरा आता कुठे असते?" त्याने विचारलं.

"एका ग्रहावर भेटली मध्ये. अजून घुश्शातच आहे..." बुवांचा चेहरा उजळला. "पण पिंपाची चौकशी केलीन हो."

"आणि यान कोण चालवतं?"

"मीच. धडकतं अधूनमधून."

इंद्रनीलला राहवेना. त्याने गळ्यातल्या दोरीला अडकवलेला पेनड्राइव्ह काढून कन्सोलला लावला. त्यात त्याचा गेम होता. या गेमच्या सेव्हची नक्कल होत नाही, म्हणून तो पेनड्राइव्ह अंघोळीलासुद्धा गळ्यातून काढत नसे.

"हे बघा माझं यान. 'अजेय'. कोणी मेलं नाही, कोणी रागावलं नाही. तिघांचीही माया काठोकाठ भरलेली. असा सेव्ह तुम्हाला दुसरीकडे दिसायचा नाही."

बुवांनी हौसेने रिमोट हातात घेतला. डॉक्टरपाशी गेले. डॉक्टर म्हणाला, "तुमच्यासारखा कप्तान नाही." यंत्रमानवापाशी गेले, तोही तेच म्हणाला. नेरा हसली आणि तिनेही तेच सांगितलं.

"गोड आहेत," बुवा म्हणाले. "नेराचं गाव कुठलं रे?"

"गाव? ...ते काही आलं नाही बोलण्यात."

"एवढी माया आणि गाव विचारलं नाहीस?"

"बरोबर उत्तर दिलं की बोलणं लगेच संपतं ना बुवा. फायदाच असतो तो."

बुवांनी मान डोलावली. उठून कोकमाचं सरबत करून आणलं आणि पेला त्याच्या हातात दिला.

"आता खरं काय ते बोल. हे दाखवायला पुण्याहून कोणी इतक्या लांब येत नाही."

इंद्रनीलने पेला चटईवर ठेवला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई-वडील तो लहान असतानाच गेले. थोरल्या बहिणीने, वसूताईने, त्याला वाढवलं, शिकवलं, आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. आता, केसांत चांदी दिसू लागल्यावर, रत्नागिरीच्या वाचनालयातले अभ्यंकर तिला आवडले होते. तिने हे लाजत लाजत सांगितलं, तेव्हा इंद्रनीलच्या तोंडून निघून गेलं, "या वयात, ताई? लोक काय म्हणतील?"

ताई चहाचे कप उचलून आत गेली. आणि हा शूर गडी तिच्या मागे जायचं सोडून बॅग उचलून पुण्याला पळाला.

"लग्न परवा आहे, रत्नागिरीला," तो म्हणाला. "तिने मेसेज केलाय. 'येशील ना?' बस्स, एवढाच."

"मग?"

"उत्तर लिहितोय."

"कधीपासून?"

"मेसेज आला तेव्हापासून. लिहितो आणि पुसतो. एकदा पाठवलं की परत घेता येणार नाही. एक जरी शब्द चुकला तर... माझं दुसरं कोणी नाही, बुवा. तुमचा जन्म शब्दांत गेला. मला एक वाक्य द्या. एकच. जे ऐकून ती आधीसारखी होईल."

बुवांनी पुन्हा रिमोट उचलला आणि 'अजेय'वरच्या नेरासमोर जाऊन उभे राहिले. यान एका बंदरात थांबलं होतं. नेरा विचारत होती, "कप्तान, मी घरी जाऊन येऊ का?"

पडद्यावर तीन उत्तरं आली. पहिलं उत्तर कोणालाही पटेल असं होतं. दुसरंही वाईट नव्हतं. तिसरं होतं, "घरी? तिथे तुला आता कोण ओळखणार आहे?"

बुवांनी तिसरं दाबलं.

आणि लगेच सेव्ह केलं. जुन्यावरच.

"बुवा!"

सरबत चटईवर सांडलं. इंद्रनील ताडकन उभा राहिला होता. "काय केलंत हे! आता मागे जाता येणार नाही! इतकी वर्षं... एकदाही तिला दुखवलं नव्हतं मी, एकदाही!"

पडद्यावर नेराचं हसू मावळलं. ती खुर्चीवरून उठली, पाठ फिरवून खिडकीपाशी गेली आणि बाहेर बंदराकडे बघत उभी राहिली.

इंद्रनीलने मोबाईल काढला. "थांबा. याच्यावर कोणीतरी काहीतरी लिहिलं असेल. इथून पुढचं बरोबर उत्तर काय ते शोधतो."

"मीही शोधत बसलो होतो," बुवा म्हणाले. "शब्दकोशात."

"मग?"

"चांगला शब्द सापडला. पडद्याकडे बघतो तर खुर्ची रिकामी."

इंद्रनीलने मान वर केली. नेरा खिडकीपासून निघाली होती. दरवाजाच्या दिशेने, सावकाश.

बुवांनी रिमोट त्याच्या हातात कोंबला.

"जा."

"पण बोलू काय?"

"आधी जा तर!"

तो गेला. कप्तानाला धावत नेऊन दरवाजाशी उभं केलं. पडद्यावर उत्तरं आलीच नाहीत. फक्त एक ओळ आली: 'तिच्याजवळ थांबा.' ही ओळ त्याने कधी पाहिलीच नव्हती. त्याने बटण दाबलं.

नेरा काही बोलली नाही. कप्तानही नाही. बंदरावरचे दिवे एकेक करून लागत गेले. इंद्रनीलला वाटलं गेम अडकला, पण बुवांनी बोटाने खूण केली... थांब.

मग नेरा, त्याच्याकडे न बघता, बोलू लागली. तिच्या ग्रहावर आता कोणी राहत नव्हतं. सगळे निघून गेले, तेव्हा तिच्या आईने स्वयंपाकघरातला दिवा चालूच ठेवला होता, उगाच, कोणी परतलंच तर म्हणून. तो दिवा अजून लागतो का, एवढंच तिला एकदा जाऊन बघायचं होतं. ओळखणारं तिथे कोणी नाही, हे तिला कप्तानाने सांगायची गरज नव्हती.

ती परत आपल्या खुर्चीत येऊन बसली. माया अर्धीच राहिली होती. पूर्वीचं हसूही नव्हतं. पण ती बसली.

इंद्रनीलने डोळे पुसले आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

"इतकी वर्षं खेळतोय," तो म्हणाला. "हे मी कधी ऐकलंच नाही."

"तुझं उत्तर बरोबर यायचं ना," बुवा म्हणाले.

बाहेर टेकडीखालच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. वर जाणारी ही गाडी पुढच्या गावाहून फिरून परत यायची आणि मग रत्नागिरीकडे निघायची. बुवांनी टीव्ही बंद केला, फडकं आणून चटईवरचं सरबत टिपलं आणि पेनड्राइव्ह काढून इंद्रनीलसमोर धरला. त्याने तो या वेळी गळ्यात घातला नाही, खिशात टाकला. मोबाईलवरचा अर्धवट मेसेज पुसला आणि तिथे एकच शब्द लिहिला: 'निघालो.' पाठवून दिला.

मग वाकून बुवांच्या पाया पडला. बुवांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, जरा जास्तच वेळ.

दारापर्यंत जाऊन तो परत वळला. पुण्यातला तो नावाजलेला कप्तान आता अगदी बारकं पोर दिसत होता.

"बुवा... आणि तिच्यासमोर उभा राहून पुन्हा काहीतरी चुकीचंच बोललो तर?"

"बोलशीलच," बुवा म्हणाले. "तरी तिथेच थांब. मुक्कामाचे कपडे घेऊन जा."