सभ्य खटका

त्या राज्यात कुणालाही स्वतःच्या मनाने पाऊल टाकता येत नसे. घण वर गेला की साऱ्या भांड्याकुंड्यांनी पाय उचलायचा, ऐरणीवर पडला की टेकायचा. घण दोन होते. संथ दिवसांना थोरला, कामाचा ढीग पडला की चपळ धाकटा. मधे एक खटका बसे. तो ज्याच्याकडे वळेल त्याचाच ठोका राज्याला ऐकू जाई.

एका सकाळी पाणवठ्यावर चाळणीच्या कानावर आलं, "थोरल्या घणाला आतून गंज लागलाय म्हणे. तो अडकला ना, की आपण सगळे..." तेवढ्यात ठोका पडला आणि बोलणारी घागर पुढे निघून गेली.

चाळणच ती, तिच्यात गोष्ट राहते थोडीच! उरलेलं वाक्य तिने आपल्या मनानेच पुरं केलं, "...सगळे पडणार!" आणि दुपारपर्यंत घरोघर पोचवलं.

पडण्याची धास्ती तिला उगाच नव्हती. जुना खटका उतावळा. एकदा थोरला घण वर असतानाच तो धाकट्याकडे वळला. अर्धामुर्धा ठोका राज्यात शिरला. निम्म्यांनी पाय टेकला, निम्म्यांना कळलंच नाही. त्या गोंधळात चाळणीची मोठी लेक गाळणी रांजणाखाली आली. तिची चेपलेली जाळी चाळण अजून उशाशी घेऊन निजे.

म्हणून नवा खटका निवडायला सभा बसली तेव्हा चाळण सर्वांत पुढे होती. उमेदवार दोन आले.

पहिला हात जोडून म्हणाला, "थोरल्यांचा ठोका पुरता टेकल्याशिवाय मी हलणार नाही. मग क्षणभर शांतता, मगच धाकटे."

दुसरा जरा रांगडा. "मीही थांबेन. पण ठोका आलाच नाही, तर थोडी वाट बघेन आणि वळेन."

"आलाच नाही म्हणजे काय रे मेल्या?" चाळण कडाडली. "थोरले समोर आहेत, त्यांच्या तोंडावर असलं अभद्र?"

थोरला घण वर जाताना किंचित करकरला. जे घरोघर कुजबुजत होते, त्या साऱ्यांनी माना खाली घातल्या.

"चाळणबाई, तुमचं पोर गेलंय," सभेचा प्रमुख पितळी डबा हळूच म्हणाला, "तुम्हीच सांगा."

चाळणीने सभ्य खटक्याकडे बोट केलं.

बरेच दिवस सुखाचे गेले. खटका वळे, क्षणभर शांतता होई, कुणाचाही पाय अडखळत नसे. चाळणीला झोप लागू लागली.

मग सुगी आली. धाकट्याला बोलावणं गेलं. खटका अदबीने म्हणाला, "थोरले, आपला एवढा ठोका होऊ द्या." थोरला घण वर गेला. साऱ्यांनी पाय उचलला.

आणि घण वरच राहिला.

कुणी पडलं नाही. चाळण म्हणाली होती त्यातलं तेवढं खोटं ठरलं. पलीकडे धाकटा घण जिवाच्या आकांताने पडत होता, पण त्याचा ठोका कुणापर्यंत येत नव्हता. खटका थोरल्याकडे तोंड करून, हात जोडून उभा होता.

चाळणीची धाकटी लेक तिच्यापासून एका पावलावर होती. पाय अधांतरी, हात आईकडे पसरलेले.

"आई, टेकू?"

"थांब बाळा," चाळण म्हणाली, "ठोका पडू दे."

वर, थोरल्या घणाच्या दांड्यावर, कुठून तरी उडत आलेल्या एका चिमणीने घरट्याची पहिली काडी ठेवली.