झुबकीची फुगलेली बॅटरी

सागाच्या झाडावर राहायची एक खार. तिचं नाव झुबकी.

झुबकीचा फोन जुना झाला. आधी दिवसभर चालायचा. मग दुपारीच बंद पडायचा. मग गरम व्हायला लागला. मग त्याची पाठच फुगली.

झुबकी म्हणायची, "चालतोय की अजून!"

एकदा डोंगरापलीकडून ताईचा फोन आला.

"झुबके, बघ बघ! बाळ डोळे उघडतंय! पहिल्यांदाच..."

फुस्स! फोन बंद.

झुबकीला रडू आलं. "आधीच का नाही बदलली बॅटरी?"

टुणुक टुणुक, गेली साळूमामाकडे. साळूमामा साळिंदर फोन दुरुस्त करायचा.

"साळूमामा, साळूमामा, बॅटरी बदल."

"अगं, पाठ फुगली तेव्हाच यायचं! आता चार्जिंगला लावू नकोस हं. आधी नवी बॅटरी आण. मग बसवीन."

टुणुक टुणुक, गेली मुंगळेदादाच्या दुकानात.

"मुंगळेदादा, मुंगळेदादा, बॅटरी दे.
बॅटरी साळूमामाला,
मग फोन ताईला!"

"आधी दाणे आण. मग देईन."

टुणुक टुणुक, गेली चिऊताईकडे.

"चिऊताई, चिऊताई, दाणे दे.
दाणे मुंगळेदादाला,
बॅटरी साळूमामाला,
मग फोन ताईला!"

"घरट्याला आधी कापूस आण. मग देईन."

टुणुक टुणुक, गेली कपाशीबाईकडे.

"कपाशीबाई, कपाशीबाई, कापूस दे.
कापूस चिऊताईला,
दाणे मुंगळेदादाला,
बॅटरी साळूमामाला,
मग फोन ताईला!"

"तहान लागली गं. आधी पाणी आण. मग देईन."

टुणुक टुणुक, गेली ओढ्याकडे.

"ओढोबा, ओढोबा, पाणी दे.
पाणी कपाशीबाईला,
कापूस चिऊताईला,
दाणे मुंगळेदादाला,
बॅटरी साळूमामाला,
मग फोन ताईला!"

ओढा म्हणाला, "रडू नकोस, बाई. घे हवं तेवढं." खुळखुळ, खुळखुळ!

झुबकीनं पानाचा द्रोण भरला.

पाणी दिलं, कापूस मिळाला.
कापूस दिला, दाणे मिळाले.
दाणे दिले, बॅटरी मिळाली.

साळूमामानं काट्यानं झाकण उघडलं. टक्! फुगलेली काढली. नवी बसवली. टक्!

ट्रिंग ट्रिंग!

"ताई, बाळानं डोळे उघडले?"

"कधीच उघडले गं. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तू नव्हतीस."

झुबकी मुसमुसली. "चुकलं माझं, ताई."

ताईनं बाळाला फोनपुढे धरलं. बाळानं पाहिलं. टकमक टकमक. खूप वेळ पाहिलं.

झुबकी म्हणाली, "मावशीला उशीर झाला रे, राजा."

बाळ खुदकन हसलं. झुबकीनं डोळे पुसले.

डोंगर तिकडे, साग इकडे,
मावशी बघते बाळाकडे!