गाईची धार काढेपर्यंत

“...मग घंटा लोखंडाची ठेवू, की डोळ्याची आणू, अक्का? उद्या दुकानदार येणार आहे. आज ठरवायलाच हवं.”

अक्कामाई वाती वळत होत्या. डोंगरावरच्या दत्ताच्या मठीत त्या एकट्याच राहत. एक गाय आणि गोठ्यावर चढवलेला वेल, एवढाच त्यांचा संसार. पंचक्रोशीतल्या कितीतरी बायकांनी आपली व्रतं त्यांच्याकडून घेतली होती. आता समोर बसून विचारणाऱ्या कुमुदिनीनंही.

“घंटा कशाला गं, बाय?”

“आमची वाट लांब ना! गेटापासून घर तीनशे पावलांवर. मध्ये सगळी काजूची झाडं. अंगणात येऊन पाहिलं तरच गेट दिसतं; कोण आलं, कोण गेलं, घरात काही कळत नाही. लेक तिकडून रोज फोनवर ओरडते, ‘आई, दोघंच राहता, काहीतरी बसवून घ्या.’”

“बरोबर आहे तिचं.”

कुमुदिनीला बरं वाटलं. सोबत आणलेला डबा तिनं पुढे सरकवला आणि ऐसपैस बसली.

“दोन तऱ्हा असतात, अक्का. एक गेटापाशी जमिनीत पुरतात. तिच्यावरून लोखंड गेलं की इकडे स्वयंपाकघरात घंटा वाजते. मोटार, ट्रॅक्टर, फटफटी. आठ दिवस वापरून बघा म्हणून दुकानदारानं तीच बसवून दिलीय.”

“आणि डोळ्याची?”

“ती खांबाला लावतात. समोरून अंगात ऊब असलेलं काहीही गेलं की वाजते. कुत्रं म्हणू नका, मांजर म्हणू नका. शेजारच्या काकूंकडे आहे ना! मोर आला तरी घंटा. बिचाऱ्या दिवसभर दाराशी धावतात.”

“मोरासाठी?”

“मोरासाठी!”

दोघी हसल्या.

“म्हणजे काकूंना मोर बघायला मिळतो,” अक्का म्हणाल्या.

“पण आमटी करपते त्याचं काय? त्यापेक्षा लोखंडाची शहाणी. उगाच वाजत नाही. आणि...” कुमुदिनी थोडी पुढे सरकली, “आणि माझ्या व्रताचीही सोय झाली बघा.”

ते व्रत अक्कांनीच तिला आषाढात दिलं होतं. चातुर्मासभर रोज दुपारी नैवेद्य दाखवून झाला की अंगणात यायचं. गाईची धार काढायला लागतो तेवढा वेळ उभं राहायचं आणि वाटेकडे बघायचं. कुणी आलं तर आधी त्याला वाढायचं. नाहीच आलं, तर गाईचा घास काढून मग आपण जेवायचं.

“कसली सोय?”

“चिखलात उभं राहायला नको. छत्री नको. घंटा वाजली नाही, की समजायचं कुणी आलं नाही. मंगळवारी मी यांना म्हटलंसुद्धा, ‘घंटा वाजली नाही, बसा पानावर.’ कितीतरी दिवसांनी ऊन ऊन जेवले हो.”

अक्कांचे हात थांबले. वात अर्धीच राहिली.

“लोखंड गेलं की वाजते म्हणालीस.”

“हो.”

“आणि कुणी चालत आलं तर?”

कुमुदिनी हसली. “आता चालत कोण येतं, अक्का?”

...

अक्कांनी अर्धी राहिलेली वात पुरी केली. थोड्या वेळानं त्यांनी डब्याकडे बोट केलं. “काय आणलंस?”

“काकडीचं धोंडस. त्याचीही गंमतच आहे. मंगळवारी संध्याकाळी गेटाला कुलूप घालायला गेले, तर खांबावर ही एवढी मोठी काकडी! कुणी ठेवली, काही कळेना. म्हटलं, देवानंच दिली. देवाचं देवाला द्यावं.”

अक्कांनी डबा उघडला. एक वडी दत्तापुढे ठेवली आणि मग एक तोंडात टाकली.

“गूळ छान जिरलाय.”

“कुणी ठेवली असेल हो, अक्का?”

अक्कांनी कापूस धरलेला हात तसाच उचलला आणि गोठ्याच्या छपराकडे दाखवला.

छपरावर काकडीचा वेल पसरला होता. पिवळी फुलं होती, बोटाएवढ्या कोवळ्या काकड्या होत्या. त्यांच्यामध्ये एक जाड देठ होता. विळ्यानं कापलेला, टोकाशी नुकता सुकू लागलेला.

कुमुदिनी बघत राहिली. मग तिची नजर अक्कांच्या पायांकडे गेली. अक्का वहाण घालत नसत. टाचेच्या भेगेत लाल माती बसली होती. इथली माती काळी. लाल माती कुमुदिनीच्या वाटेवरची.

“मंगळवारी... तुम्ही?”

“हं.”

“मंगळवारी बारस होती, अक्का.”

“होती.”

एकादशीला अक्का पाणीसुद्धा घेत नसत. पारणं दुसऱ्या दिवशी दुपारी. सगळ्यांना माहीत होतं. कुमुदिनीलाही.

“म्हणजे पारण्याला माझ्याकडे... अहो, मग हाक का नाही मारलीत? गेटाला नुसती कडी होती हो! दिवसा आम्ही कुलूप घालतच नाही.”

“कडीच होती.”

“मग?”

“तुझं व्रत बघण्याचं. मी हाक मारली असती, तर ते मोडलं असतं ना?”



“किती वेळ... उभ्या होतात?”

“गाईची धार काढायला लागतो तेवढा.”

...

तिनं पदर तोंडाला लावला. बसा पानावर. आपलेच शब्द, आपल्याच आवाजात, पुन्हा पुन्हा कानावर येत होते. त्या दुपारी तिनं दुसऱ्यांदा भात घेतला होता. वर तूप घेतलं होतं. आणि हात धुताना देवाला म्हणाली होती, ‘आजचं व्रत पार पडलं.’

मान वर करायचं धाडस होईना.

“पारणं मग कुठं केलंत?”

“तुमच्याकडच्या ओढ्याचं पाणी गोड आहे हो.”

कुमुदिनीनं अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते बराच वेळ उचललंच नाही. अक्कांनीही उठ म्हटलं नाही.

शेवटी ती पुटपुटली, “आज घरी गेले की काढून टाकते ती. ती नको आणि डोळ्याचीही नको.”

“का गं? चोरचिलटं येतात. दोघंच राहता. लेकीचा जीव तिकडे टांगणीला. घंटा असू दे.”

“पण मग... कुठली?”

अक्कांनी कापसाचा पुंजका तिच्या हातावर ठेवला.

दोघी वाती वळत बसल्या. कुमुदिनीच्या वातींना पीळ बसत नव्हता. सैल पडत होत्या, काही ओल्या होत होत्या. अक्का त्या उचलत आणि चांगल्या वातींच्या जुडीतच ठेवत.

ऊन अंगणातून ओसरीवर आलं.

कुमुदिनीनं डोळे पुसले. “अक्का, एक मागू?”

“माग.”

“उद्या जेवायला या. रागावला नसाल तर. हे खाली गाडीतच बसलेत, त्यांना सांगून ठेवते. बाराच्या आत गाडी घेऊन येतील. तुम्हाला पाऊलही टाकावं लागणार नाही.”

अक्कांनी धोंडस आपल्या ताटलीत काढून घेतलं. डबा धुतला, पुसला. रिकामा परत देऊ नये म्हणून वेलावरची एक कोवळी काकडी तोडून आत ठेवली आणि झाकण लावलं.

“येईन हो,” डबा तिच्या हातात देत त्या म्हणाल्या. “गाडी नको पाठवूस. दिवसही नको ठरवूस... मी चालत येईन.”