इरावती आणि न धुतलेला अंगरखा

एका राज्यात एक राजघराणे होते, आणि ते स्वतःखेरीज कुणालाच सोयरिकीला योग्य समजत नसे. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, एवढाच त्यांचा भूगोल. पूर्वी एका राजाने घामेजलेल्या मांत्रिकाला दरबारातून हाकलले होते. तो जाताना म्हणाला, "माणसाचा वास नको? तुझ्या वंशाला तो येणारच नाही."

तेव्हापासून घराण्याला फुलांचा वास येई, माणसांचा येत नसे. आणि बाळे बारशाआधीच जात. राजवैद्यांनी दोष पाळण्यांना दिला. पाळणे बदलले.

धाकट्या राजकन्येचे, इरावतीचे लग्न आत्याच्या मुलाशी, वज्रबाहूशी ठरले, त्याच दिवशी थोरल्या बहिणीचे, वसुमतीचे तिसरे बाळ गेले. इरावती बागेत रडत बसली. फांदीवरचा धनेश पक्षी म्हणाला, "रक्ताला रक्त फार जवळचे झाले, बाई. मांत्रिकाच्या समाधीची माती नाकाला लाव. वज्रबाहूचा अंगरखा हुंग. मग परक्याचा हुंग. नाक सांगेल त्याला वर. घराणे सुटेल."

तिने माती लावली. अंगरखा मागवला. कारभाऱ्याने तो धुऊन, केवडा शिंपडून पाठवला.

"हे काय, कारभारी?"

"राजकन्येपुढे घामट कपडा? शिव शिव!"

मग तिने स्वतःच आखाड्यातून वज्रबाहूचा अंगरखा उचलला. त्याला वास होता तोच, जो माती लावल्यावर वडिलांच्या उशीला आला होता. तिने अंगरखा परत ठेवला.

तळघरात दूरच्या बेटाचा राजपुत्र नीलध्वज ओलीस होता.

"आपला अंगरखा द्या."

"एकच आहे, राजकन्ये. कधी धुतलेला नाही."

"म्हणूनच."

वास उग्र होता, अनोळखी होता. तिने पुन्हा हुंगला.

राजा गरजला, "कैद्याशी लग्न?"

"तिकडे पाहा, महाराज."

राजाने वसुमतीच्या बंद दाराकडे पाहिले. मग बेड्या काढायला सांगितल्या.

सप्तपदी होताच शाप सुटला. राजाने प्रधानांना जरा लांब बसायला सांगितले. वसुमतीला आपल्या पतीचा वास प्रथमच आला, अगदी वडिलांसारखा. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

पुढे इरावतीच्या मुलाचे बारसे थाटात झाले. वसुमतीने बाळ मांडीवर घेतले, त्याची टाळू हुंगली.

"हा आपल्यासारखा नाही गं."

"नाही, ताई."

"मग जगेल," वसुमती म्हणाली, आणि तिने बाळ घाईघाईने परत दिले.