फक्कीचं हॉटेल

“...मग दार पूर्वेला घेऊ की उत्तरेला, एवढंच सांगा माई.”

गोदामाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आत शिजणार काय?”

“ते नंतर ठरेल.”

“खाणार कोण?”

“आपली गल्लीच की. पण आधी वातावरण तयार व्हायला पाहिजे, माई. माणूस आत पाऊल टाकतो, तेव्हा त्याला काय जाणवतं... जेवण तिथून सुरू होतं.”

“असं होय,” माई म्हणाल्या. “मी आजवर भातापासून सुरू करत होते.”

शार्दूल माळवदे हसला. अडाणी माणसावर रागवायचं नसतं, हे तो पुण्याला वास्तुरचना शिकताना शिकला होता.

गल्लीच्या कोपऱ्यावर त्याच्या आईची खानावळ होती. रत्नाकाकूंची खानावळ. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, भिंतीला धुराची काळी पट्टी. खोल्या घेऊन राहणारे नोकरदार, एकटे पडलेले म्हातारे, बायको माहेरी गेलेले संसारी, सगळे तिथंच जेवत.

शार्दूल शिकून परत आला आणि म्हणाला, “आई, हे पाडू. गल्लीला शोभेल असं हॉटेल बांधू.”

रत्नाकाकूंनी हौसेनं हो म्हटलं. दसऱ्याला खानावळ पाडली.

दुसरा दसरा होऊन गेला तरी तिथं एरंडच उगवला होता.

गवंडी यायचा. शार्दूल त्याला थांबवायचा. म्हणायचा, “जरा थांबा, नकाशात एक सुचलंय.” शेवटी गवंडी दुसऱ्या कामावर गेला.

जेवणाऱ्यांना मात्र थांबता येईना. ते पाणंदीकडच्या मठात जाऊ लागले. पूर्वी मठात फक्त गुरुवारी पंगत असायची, आता रोज बसू लागली. गोदामाई त्या मठात जप करायला आल्या होत्या. त्यांची माळ खुंटीवर आणि हातात विळी, असे दिवस चालले होते.

रत्नाकाकूही रोज मठात येत. एका कोपऱ्यात बसून लसूण सोलत. आज त्यांनीच लेकाला पुढं घातलं होतं. “माईंना विचार, आणि एकदाचं काय ते बांध.”

शार्दूलनं नकाशा उलगडला. चारी कोपऱ्यांवर चार वांगी ठेवली.

“हे प्रवेशद्वार. इथून वळणावळणाची बोळ. चालता चालता माणूस बाहेरचं जग विसरतो.”

“भूक पण?”

“...बोळ मुद्दाम अरुंद ठेवलीय. माणसा-माणसांत जवळीक वाढते. इथं कारंजं. स्वयंपाकघर मागं, अगदी टोकाला. भांड्यांचा आवाज नको. आणि ही समोरची भिंत दिसते ना? इथं आईचा मोठा फोटो.”

माईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. नकाशाकडं बघितलं. मग कोपऱ्यात बघितलं.

“बाई तिकडं लसूण सोलतीय.”

“तसा नाही हो माई! सन्मान म्हणून.”

“हार?”

“...चंदनाचा.”

कोपऱ्यातून रत्नाकाकू म्हणाल्या, “फोटो असू दे माई. पण त्या चॉकलेटी साडीतला नको. त्यात मी आजाऱ्यासारखी दिसते.”

माईंनी नकाशावरचं एक वांगं उचलून टोपलीत टाकलं.

मग म्हणाल्या, “मला कागदावरचं कळत नाही. अंगणात काढून दाखव. आहे तेवढ्या मापाचं.”

शार्दूलचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत एवढं कुणी विचारलं नव्हतं.

पंगतीला रोज येणारे कुंभोजकर गुरुजी अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते उठले आणि शाळेतून कबड्डीचं मैदान आखायची फक्की घेऊन आले. शार्दूलनं सुतळी ताणली, टेप धरला आणि सकाळभर ओणवा होऊन मठाच्या अंगणात पांढऱ्या रेघांनी आख्खं हॉटेल आखलं. भिंती, दार, बोळ, कारंजं. कारंज्याच्या गोलाला त्यानं वेलबुट्टीही काढली.

मग लांब जाऊन, डोळे बारीक करून बघितलं.

“कसं वाटतंय माई?”

“पंगत बसू दे. मग सांगते.”

दुपारी नेहमीची मंडळी आली. हातपाय धुऊन नेहमीसारखी अंगणात शिरू लागली. माई पायरीवर उभ्या राहिल्या.

“आज जेवण हॉटेलात. दारातून या.”

“दार कुठाय?”

शार्दूलनं दाखवलं. कुंभोजकर गुरुजी तोवर सवयीनं सरळ पुढं निघाले होते.

“गुरुजी! भिंत!”

गुरुजींनी दचकून पाय मागं घेतला. खाली रेघेकडं बघितलं आणि “माफ करा” म्हणाले. रेघेला.

मंडळी एकामागे एक वळणाच्या बोळीत उभी राहिली. बोळ संपेना. मागून कुणीतरी विचारलं, “पुढं कुठल्या देवाचं दर्शन आहे?”

अखेर सगळे बसले. भाताची मूद घातलेली पानं मांडली. माईंनी आमटीची बादली शार्दूलच्या हातात दिली.

“मी?”

“मालक कोण आहे?”

“पण मठातले वाढपी...”

“ते आज गिऱ्हाईक आहेत.”

वाढपी आधीच मांडी घालून बसले होते. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघवत नव्हता.

शार्दूल स्वयंपाकघरातून निघाला. म्हणजे अंगणाच्या पार मागच्या टोकाकडून. पहिला माणूस हाताच्या अंतरावर होता, पण मध्ये भिंत होती. त्यानं भिंतीला वळसा घातला, कारंज्याला वळसा घातला, बोळीच्या एका वळणातून दुसऱ्या वळणात शिरला आणि वाढायला पोचला.

तोवर लोकांनी कोरडाच भात संपवला होता.

“भात!” लोक ओरडले.

तो बादली घेऊन परत गेला. बोळ, कारंजं, भिंत. भात घेऊन आला. तोवर कुणाकुणाला आमटी आठवली होती.

“आमटी!”

तो पुन्हा निघाला. माई काठी टेकत रेघेच्या बाहेरून त्याच्या बरोबरीनं चालत होत्या.

“बाहेरचं जग विसरलास का?”

शार्दूल धापा टाकत कारंज्याला वळसा घालत होता.

एवढ्यात कुंभोजकर गुरुजी पाणी मागून मागून कंटाळले आणि स्वतःच तांब्या घेऊन उठले. ते बोळीत तिकडून शिरले. शार्दूल इकडून शिरला. मधल्या वळणावर दोघं समोरासमोर आले. बोळ अरुंद होती.

आमटी गुरुजींच्या धोतरावर सांडली.

दोघं तसेच उभे राहिले...

“जवळीक वाढली,” गुरुजी म्हणाले.

पंगत हसली. रत्नाकाकू हसल्या. शार्दूल हसला नाही. आमटी सांडल्याचं दुःख नव्हतं. गुरुजींनी त्याला पहिलीत ‘ग गणपतीचा’ शिकवला होता, आणि आता ते ओलं धोतर पिळत, निमूटपणे, त्यानं आखलेल्या वळणावळणानं आपल्या पानाकडं परत चालले होते. रेघ ओलांडत नव्हते. त्याचा मान राखत होते.

त्याचे कान लाल झाले.

तो स्वयंपाकघराच्या भिंतीशी येऊन थांबला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग हळूच पायाच्या अंगठ्यानं रेघ पुसली आणि त्या फटीतून भाताची परात पलीकडं सरकवली.

“भिंत पाडलीस?” मागून माईंचा आवाज आला.

“पाडली नाही. खिडकी आहे. वाढपाची.”

“कागदावर नव्हती.”

शार्दूलनं घाम पुसला.

“...आता आहे.”

माई वळल्या. काठी टेकत सावलीत जाऊन बसल्या.

मग मात्र त्याचा पाय थांबेना. दुसऱ्या खेपेला बोळीचं वळण गेलं. ताक वाढताना उरलेली बोळ गेली. पापड कारंज्यातूनच आले. पानांवर गरम भात पडला, भातावर गरम आमटी पडली, आणि अंगणातली बोलणी हळूहळू बंद झाली. नुसते भुरके ऐकू येऊ लागले.

मंडळी तृप्त होऊन उठली. हात धुवायला जो तो वाट्टेल त्या भिंतीतून गेला.

शार्दूल धावत माईंकडं आला. त्याच्या डोळ्यांत तेज होतं. कपाळावर फक्की होती.

“माई, कळलं! मला सगळं कळलं! भिंती म्हणजे आपलाच अहंकार. भिंतीच नकोत! सगळं मोकळं ठेवायचं. वर आकाश, खाली धरती...”

“आणि पाऊस?”

शार्दूलनं वर आकाशाकडं बघितलं.

“चुलीवर पडेल.”

शार्दूल विचारात पडला.

“मग भिंती हव्यात,” तो म्हणाला.

“बरं.”

“छप्पर पण?”

“तू बघ बाबा.”

“मग असं करतो. हे सगळं पुसतो. अगदी पहिल्यापासून नवा नकाशा काढतो. साधा. एकदम साधा. तो साधेपणा कसा साधायचा यावर थोडा अभ्यास करावा लागेल. पाडव्यापर्यंत...”

माईंनी डोळे मिटले.

“शार्दूल.”

हा आवाज रत्नाकाकूंचा होता. लसणाची टोपली बाजूला सारून त्या उठल्या होत्या.

“मी रोज इथं का येते, ठाऊक आहे?”

“माईंना मदत करायला.”

“मदतीला माणसं काय कमी आहेत इथं? घरी बसलं की हात शिवशिवतात. मी उभ्या जन्मात मोकळी बसले नाही रे. तुझे बाबा गेले त्या वर्षीसुद्धा नाही. आता सकाळी उठते आणि... कणीक किती मळायची तेच कळत नाही. दोघांची मळायला हात तयार होत नाहीत.”

त्यांनी बोटांना चिकटलेली लसणाची सालं काढून टाकली.

“मला तुझं हॉटेल आवडलं बाबा. कारंजंसुद्धा आवडलं. फोटो तर आवडलाच. पण कधी रे?”

शार्दूलनं समजावून सांगायला तोंड उघडलं. शब्द यायच्या आधी त्याच्या पोटात मोठ्यानं गुरगुरलं. सगळ्यांनी ऐकलं.

“जेवलास?” रत्नाकाकूंनी विचारलं.

“नाही.”

“सकाळी?”

“सकाळी रेघा काढत होतो.”

बादल्या रिकाम्या होत्या. भाताच्या पातेल्याला खरवडही उरली नव्हती. रत्नाकाकू माईंकडं बघून म्हणाल्या, “चूल घेते हं,” आणि हो-नाहीची वाट न बघता आत गेल्या.

आतून पीठ चाळल्याचा आवाज आला. मग भाकरी थापल्याचा. मग कढीपत्ता तेलात पडला आणि हात धुऊन निघालेली माणसं दारातच रेंगाळली. जेवून उठलेली. पण तो वास त्यांच्या ओळखीचा होता. एकानं डोळे पुसले आणि मिरचीचा ठसका लागला म्हणून सांगितलं.

रत्नाकाकू ताट घेऊन बाहेर आल्या. झुणका, भाकरी, ठेचलेला कांदा.

“कुठं बसतोस?”

शार्दूलनं ताट हातातून घेतलं आणि होता तिथंच खाली बसला.

तो जेवू लागला. पहिली भाकरी कधी संपली, त्याला कळलं नाही. रत्नाकाकूंनी दुसरी टाकली. तो मान खाली घालून, बोटं चाटत, लहानपणी जेवायचा तसा जेवत होता.

कुंभोजकर गुरुजी धोतर वाळवत उन्हात उभे होते. ते जमिनीकडं निरखून बघू लागले. एका बाजूला सरकले. मान वाकडी करून पुन्हा बघितलं. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला.

“शार्दूल...”

“हं.”

“सांगू की नको, असं झालंय.”

“सांगा की गुरुजी.”

“तू संडासात बसलायस.”

शार्दूलचा घास हातात थांबला. त्यानं खाली बघितलं. चार पांढऱ्या रेघा. सबंध अंगणात तेवढ्याच धड राहिल्या होत्या. एका कोपऱ्यात त्यानंच फक्कीनं सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘पुरुष’.

माणसं श्वास रोखून बघत राहिली. वाढपी तोंडाला पदर नसल्यामुळं तोंडात पंचा कोंबून उभे होते.

शार्दूलनं रेघांकडं बघितलं. ताटाकडं बघितलं...

घास तोंडात घातला.

“आई,” तो म्हणाला, “झुणका आहे का अजून?”

गोदामाई सावलीतून उठल्या. ओटीतली मेथीची देठं झटकली.

“रत्ना, गवंड्याला निरोप धाड,” त्या म्हणाल्या. “पोराचा नकाशा झाला.”